पहिला कस्टम वॉटर लूप: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमध्ये पाण्याचं काम हमालाचं असतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपर्यंत नेऊन टाकायची. तिथून ती हवेत घालवायचं काम पंखेच करतात, साध्या एअर कूलरमध्ये करतात तसंच. म्हणून पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही, आणि लूप (म्हणजे पाणी ज्यातून फिरतं ती सगळी जोडणी) कितपत चांगला चालेल हे मुख्यतः रेडिएटर किती मोठा आहे यावर ठरतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की खरेदीतला निम्मा गोंधळ मिटतो.

आणखी एक आग्रह सुरुवातीलाच मांडतो. पहिला लूप दिसायला कसाही असला तरी चालेल, पण तो खोलायला सोपा हवा. पाणी वर्षातून एकदा तरी बदलावं लागतं. कधी रॅम वाढवायची असते, कधी कार्ड बदलायचं असतं. लूप भरण्याआधीच तो रिकामा कसा करायचा हे ठरलेलं असेल, तर हा छंद वर्षानुवर्षं आनंद देतो. नसेल, तर प्रत्येक छोट्या कामाला अख्खा रविवार जातो. पुढचे बरेचसे सल्ले याच आग्रहातून आलेले आहेत.

अपेक्षा काय ठेवायच्या

सगळ्यात मोठा फायदा ग्राफिक्स कार्डला होतो. कार्डाची चिप मोठी असते आणि ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) तिच्यावर थेट टेकतो, मध्ये धातूचं झाकण नसतं. त्यामुळे पूर्ण भार असतानाही चिपचं तापमान पाण्यापेक्षा साधारण १० ते २० अंशांनीच जास्त राहतं. खोली ३० अंशांवर असेल आणि पाणी ४० वर, तर कार्ड ५० ते ६० च्या आसपास दिसेल, आणि पंखे संथ फिरत असतील.

प्रोसेसरचं तसं होत नाही. आजच्या प्रोसेसरमध्ये फार थोड्या जागेत खूप उष्णता तयार होते, आणि ती आधी वरच्या झाकणातून बाहेर यावी लागते. इंटेलचा कोअर आय ९ १४९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो. असा प्रोसेसर उत्तम लूपमध्येही जड कामात ८० अंश किंवा त्याहून वर दिसू शकतो, आणि त्यात तुमच्या जोडणीचा काही दोष नसतो. फक्त प्रोसेसरसाठी लूप करायचा विचार असेल तर चांगला एअर कूलर किंवा तयार बंद लूप (कारखान्यातूनच पाणी भरून येणारा) घ्या, पैसे वाचतील. कार्डही लूपमध्ये घेणार असाल, शांतता हवी असेल आणि जोडणीच्या कामाची आवड असेल, तर पुढे वाचा.

आधी सगळं हवेवर चालवून बघा

नवीन मशीन असेल तर ते सरळ पाण्यावर उभारू नका. प्रोसेसर, रॅम, कार्ड, मदरबोर्ड हे सगळं साध्या कूलरवर जोडून काही दिवस नीट वापरा, भार देऊन तपासा. रॅमची एखादी काडी किंवा कार्डच खराब निघालं तर पाणी भरलेल्या मशीनमधून ते काढून परत करणं फार त्रासाचं असतं. कार्डाचा मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते की जाते, हे प्रत्येक उत्पादकाच्या अटींमध्ये वेगळं असतं. त्या अटी स्क्रूला हात लावायच्या आधी वाचायच्या. मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि पट्ट्या एका पिशवीत घालून जपून ठेवा, कार्ड विकताना किंवा दुरुस्तीला देताना लागतात.

रेडिएटर किती लागेल

रेडिएटरची मापं पंख्यांवरून ओळखली जातात. २४० म्हणजे १२० मिमीचे दोन पंखे, ३६० म्हणजे तीन. २८० आणि ४२० मध्ये १४० मिमीचे पंखे बसतात. ढोबळ हिशेब असा, की संथ पंख्यांवर १२० मिमीच्या एका भागाने साधारण १०० वॅट उष्णता घालवली, तर पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश वर राहतं. प्रोसेसर आणि कार्ड मिळून ५०० ते ६०० वॅट होत असतील तर दोन ३६० रेडिएटर आरामात पुरतात. एकच ३६० घेतला तरी मशीन जळणार नाही. फक्त पंखे जोरात फिरतील, आणि ज्या शांततेसाठी हा खटाटोप केला तीच हातातून जाईल.

जाडी २७ ते ६० मिमीपर्यंत मिळते. जाड रेडिएटर घेण्याआधी कॅबिनेट मोजा. ३० मिमीचा रेडिएटर आणि २५ मिमीचा पंखा मिळून ५५ मिमी होतात. वरच्या बाजूला बसवायचं असेल तर एवढ्या जागेत रॅम आणि मदरबोर्डवरचे हीटसिंक आडवे येतात का, ते पट्टी लावून बघायचं. लांबीतही फसगत होते. ३६० चा रेडिएटर प्रत्यक्षात ४०० मिमीच्या जवळपास भरतो, कारण दोन्ही टोकांना पाण्याच्या छोट्या टाक्या असतात, आणि त्यातून बाहेर येणाऱ्या फिटिंगला (नळी जोडायच्या भागाला) आणखी जागा लागते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘३६० बसतो’ असं लिहिलेलं असलं तरी किती जाडीचा बसतो ते शोधून काढा.

आता धातूची गोष्ट, आणि इथे तडजोड नको. ब्लॉक तांब्याचे किंवा निकेल चढवलेल्या तांब्याचे असतात, चांगले रेडिएटर तांबं आणि पितळेचे. हे तिन्ही एकत्र सुखाने नांदतात. याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. त्याचा चुरा ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. तयार बंद लूपचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात, म्हणून जुन्या कूलरचा रेडिएटर काढून इथे वापरायचा मोह टाळा. स्वस्त संच घेतानाही रेडिएटर कशाचा आहे हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो घेऊ नका.

पंप आणि टाकी

कस्टम लूपमध्ये पंपांच्या दोनच जाती मुख्यतः दिसतात, डी५ आणि डीडीसी. डीडीसी आकाराने लहान आणि दाब चांगला देणारा, पण जास्त तापतो. डी५ मोठा, शांत आणि अनेक वर्षं टिकणारा. नवख्याने डी५ घ्यावा, तोही टाकीला जोडून आलेला. अशा जोडीत टाकी पंपाच्या वरच असते, म्हणजे पंपाला कायम पाणी मिळतं. ही बाब महत्त्वाची आहे, कारण या पंपाच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. कोरडा पंप थोडा वेळ जरी फिरला तरी त्याचं आयुष्य कमी होतं.

लूपमध्ये भागांचा क्रम काय असावा यावर नवखे फार डोकं खपवतात. टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर, एवढा एकच नियम पाळा. बाकी क्रम नळ्या जशा सोप्या जातील तसा ठेवा. हिशेब करून पाहा: मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि कार्ड ४०० वॅट टाकत असेल, तर कार्डातून बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जेमतेम दीड अंशाने गरम असतं. पाणी सतत फिरत असल्याने सगळ्या लूपभर तापमान जवळपास सारखंच राहतं. दोन भागांच्या मध्ये रेडिएटर घालण्यासाठी नळ्यांचं जाळं विणायची काहीच गरज नाही.

नळ्या आणि फिटिंग

कडक नळ्या सुंदर दिसतात, यात वाद नाही. पण त्या हीट गनने तापवून, आत सिलिकॉनची दोरी घालून, अंदाजाने वाकवाव्या लागतात. एखादा वाक दोन मिलिमीटर चुकला की तुकडा बाद. कार्ड बदललं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. पहिल्या लूपसाठी मऊ नळी घ्या. कात्रीसारख्या कटरने कापता येते, थोडी कमी-जास्त झाली तर चालते, आणि कार्ड किंचित हलवायचं असेल तर नळी न काढता हलवता येतं.

मऊ नळीत पारदर्शक पीव्हीसीपेक्षा काळी ईपीडीएम रबराची नळी मला जास्त पटते. पारदर्शक नळीतला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू पाण्यात उतरतो, नळी धुरकट होते आणि ब्लॉकमध्ये चिकट थर जमतो. ईपीडीएममध्ये ही कटकट नाही. मापाचं म्हणाल तर आतून १० आणि बाहेरून १६ मिमी. १०/१३ ची नळी दिसायला सडपातळ, पण भिंत पातळ असल्याने वळणावर लवकर दुमडते. फिटिंग घेताना आतलं आणि बाहेरचं, दोन्ही मापं नळीशी जुळली पाहिजेत. १०/१३ ची फिटिंग १०/१६ च्या नळीवर बसत नाही.

ब्लॉक, रेडिएटर, पंप या सगळ्यांवरचे आटे ‘जी १/४’ या एकाच प्रमाणाचे असतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना जोडता येतात. मोजणी सोपी आहे, प्रत्येक भागाला दोन फिटिंग. प्रोसेसर ब्लॉक, कार्डाचा ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंप-टाकी म्हणजे दहा. त्यावर चार-पाच फिरती ९० अंशांची जोडणी, एक टी (टी अक्षराच्या आकाराचं, तीन तोंडांचं जोड), एक बॉल व्हॉल्व्ह (उघड-बंद होणारी चावी) आणि रिकाम्या भोकांसाठी बुचं. शेवटचे टी आणि व्हॉल्व्ह यादीतून कापू नका. लूपच्या सगळ्यात खालच्या जागी टी बसवून तिच्या एका तोंडाला व्हॉल्व्ह लावायचा, पाणी काढायचं दार म्हणजे तेच.

पाण्यात काय घालायचं

नळाचं किंवा प्यायचं फिल्टरचं पाणी अजिबात नको, त्यात क्षार असतात. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी घ्या आणि त्यात गंजरोधक व जंतुनाशक असलेलं कूलंट कॉन्सन्ट्रेट बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळा. तयार मिसळलेलं पारदर्शक कूलंट घेतलं तर आणखी सोपं. नुसतं डिस्टिल्ड पाणी काही महिन्यांत शेवाळ आणि जिवाणूंचं घर होतं, उजेड पडत असेल तर लवकरच. लूपमध्ये साधारण एक लिटर मावतं, पण धुण्यासाठी वेगळं डिस्टिल्ड पाणी तीन-चार लिटर हाताशी ठेवा.

दुधासारखं अपारदर्शक, रंगीत कूलंट फोटोत देखणं वाटतं. तो रंग पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांचा असतो, आणि प्रोसेसर ब्लॉकमधल्या खाचा एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात. ते कण कधी ना कधी तिथेच बसतात. पहिल्या लूपमध्ये पारदर्शकच घाला. काही कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते पोटात गेलं तर विषारी असतं, म्हणून बाटली मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी ठेवा.

पहिली पायरी: रेडिएटर धुणं

नवा रेडिएटर आतून स्वच्छ नसतो. झाळकामात वापरलेला फ्लक्स आणि धातूचे बारीक कण आत राहिलेले असतात. गरम, पण उकळतं नव्हे, असं डिस्टिल्ड पाणी निम्म्यापर्यंत भरा, दोन्ही तोंडांना बुच लावा आणि मिनिटभर जोरात हलवा. पाणी पांढऱ्या भांड्यात ओता, म्हणजे आतून काय येतंय ते दिसतं. पहिल्यांदा काळपट ठिपके आणि कधी निळसर झाक येते. पाणी पूर्ण निर्मळ येईपर्यंत हे करत राहायचं. इथे कंटाळा केला तर हीच घाण उद्या ब्लॉकमध्ये सापडते.

दुसरी पायरी: कार्डावर ब्लॉक

कार्डाचा ब्लॉक त्याच कार्डासाठी बनवलेला असावा लागतो. चिप एकच असली तरी वेगवेगळ्या उत्पादकांचे बोर्ड वेगळे असतात, त्यामुळे ब्लॉक मागवण्याआधी कार्डाचं पूर्ण नाव उत्पादकाच्या यादीशी अक्षरशः जुळवून बघा.

कूलर काढताना सगळे स्क्रू निघाल्यावरही तो सुटत नाही, कारण चिपची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी जुनी पेस्ट आणि पॅड चिकटलेले असतात. ओढू नका. कार्ड थोडा वेळ चालवून कोमट केलेलं असेल तर हलकं डावं-उजवं फिरवल्यावर तो मोकळा होतो. पंख्यांच्या बारीक वायरी अजून बोर्डाला जोडलेल्या असतात, त्या आधी सोडवा. चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसा. हेच अल्कोहोल ॲक्रिलिकच्या ब्लॉकला किंवा टाकीला मात्र लावू नका, त्याला केसासारख्या भेगा पडतात.

पॅडच्या जाडीवर इथे सगळं अवलंबून आहे. मेमरीवर एक जाडी, पॉवरच्या भागांवर दुसरी, आणि कुठे कोणती हे ब्लॉकसोबतच्या चित्रात दिलेलं असतं. जाड पॅड चुकीच्या जागी लागला तर ब्लॉक चिपवर नीट टेकतच नाही. ही खात्री करून घ्यायची एक चांगली रीत आहे. पॅड आणि पेस्ट लावून ब्लॉक पूर्ण आवळा, मग पुन्हा उघडा. चिपवरची पेस्ट सगळीकडे सारखी पसरलेली दिसली पाहिजे, आणि प्रत्येक पॅडवर खालच्या मेमरी चिपच्या कडांचा चौकोनी ठसा उमटलेला असला पाहिजे. एखाद्या पॅडवर ठसाच नसेल तर तो टेकत नाहीये. खात्री झाली की पेस्ट पुसून नव्याने लावा आणि ब्लॉक कायमचा बसवा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे.

तिसरी पायरी: प्रोसेसर आणि बाकीची मांडणी

प्रोसेसरचा ब्लॉक बसवणं एअर कूलर बसवण्याइतकंच सोपं आहे. सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) एएमडीचं एएम५ असेल तर मागची मूळ पट्टी काढायची नसते, फक्त पुढचे प्लॅस्टिकचे कंस काढायचे. इंटेलच्या एलजीए१७०० ला त्याच सॉकेटचे कंस लागतात. ब्लॉकवर आत आणि बाहेर अशी दोन तोंडं असतात. बहुतेक प्रोसेसर ब्लॉकमध्ये ती अदलाबदल करून चालत नाहीत, कारण पाणी आधी मधल्या खाचांवर पडावं अशी आतली रचना असते. पुस्तिकेत बघून खडूने बाण काढून ठेवा.

रेडिएटरला पंखे लावताना स्क्रूची लांबी प्रत्येक वेळी तपासा. २५ मिमीच्या पंख्याला साधारण ३० मिमीचा स्क्रू असतो. कॅबिनेटचा पत्रा आणि रेडिएटर यांच्यामध्ये पंखा नसेल तर पाच-सहा मिमीचा छोटा स्क्रू लागतो. तिथे चुकून लांब स्क्रू गेला तर तो रेडिएटरच्या पाण्याच्या पट्टीला भोक पाडतो आणि रेडिएटर वाया जातो. काही रेडिएटरमध्ये भोकाखाली संरक्षक पत्रा असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पंप-टाकीवर बाहेर जाण्याचं तोंड सहसा एकच असतं, आत येण्याची दोन-तीन असू शकतात. डी५ च्या पॉवरची वायर थेट पॉवर सप्लायला द्या. मदरबोर्डचा साधा फॅन हेडर (पंख्याची वायर लावायच्या पिना) बहुधा १ अँपिअरपर्यंतचा असतो, आणि हा पंप त्याहून जास्त ओढू शकतो. वेगाच्या नियंत्रणाची दुसरी बारीक वायर मात्र मदरबोर्डला जोडा.

चौथी पायरी: नळ्या जोडणं

कापण्याआधी नळी जागेवर धरून बघा आणि हवी त्यापेक्षा बोटभर लांब कापा. नंतर छाटता येते, वाढवता येत नाही. काप सरळ काटकोनात हवा.

आधी फिटिंगचा बुडखा भागावर बसवा. ओ-रिंग (फिटिंगवरची रबराची रिंग) जागेवर आहे, पिळलेली नाही, तिच्यावर केस किंवा धूळ नाही, हे बघा. हाताने फिरवत न्या. ओ-रिंग टेकल्यावर बोटांना थोडा विरोध जाणवतो, तिथून फार तर पाव फेरा पुढे जायचं आणि थांबायचं. पाना वापरू नका. ॲक्रिलिकमध्ये जास्त आवळलं की आट्यांपासून तडा जातो, आणि तो तडा लगेच दिसेलच असं नाही. गळती थांबवणारी वस्तू ओ-रिंग आहे, तुमच्या मनगटाचा जोर नाही.

मग फिटिंगची कडी आधी नळीवर सरकवा. ही विसरली तर नळी पुन्हा काढावी लागते. नळीचं टोक गरम पाण्यात काही सेकंद धरलं की मऊ पडतं. ते फिटिंगच्या काट्यावर (नळी ज्यावर चढते त्या तोंडावर) शेवटपर्यंत ढकला, नळी आणि फिटिंगचा तळ यांच्यामध्ये फट राहता कामा नये. नळी तशीच दाबून धरून कडी खाली आणा आणि फिरवा. सुरुवातीला आटे तिरके पडतात असं वाटलं तर उलटं फिरवून पुन्हा धरा. झाल्यावर नळीला हलकेच ओढून बघा, ती जराही सरकता कामा नये.

नळी कुठे ताणलेली नको आणि कुठे दुमडलेली नको. कार्डाच्या तोंडावर नळीचं ओझं येत असेल तर तिथे ९० अंशांचं जोड घाला.

पाचवी पायरी: हवेची चाचणी

हाताच्या छोट्या पंपावर दाबमापक असलेला टेस्टर मिळतो. संपूर्ण संचाच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे आणि मी तो आवश्यकच मानतो. पाणी भरण्याआधी सगळी तोंडं बंद करून लूपमध्ये सुमारे ०.५ बार हवा भरा, पण ब्लॉक आणि टाकीच्या उत्पादकाने सांगितलेली मर्यादा ओलांडू नका. मग अर्धा तास काटा बघा. डी५ पंप जास्तीत जास्त चार मीटरच्या आतबाहेर पाणी चढवतो, म्हणजे त्याचा दाब ०.४ बारच्या आसपास. चाचणीतला दाब त्याच्या वर आहे, आणि जिथून पाणी गळत नाही तिथूनही हवा निसटते. म्हणून काटा हलला नाही तर मनावरचं मोठं ओझं उतरतं.

काटा खाली येत असेल तर आधी टेस्टरचीच जोडणी तपासा, बरेचदा दोष तिथे असतो. नाहीतर साबणाच्या पाण्यात भिजवलेला ब्रश फक्त फिटिंगच्या कडांवर, बोर्डापासून जपून फिरवा, बुडबुडा फुगेल तिथे गळती.

सहावी पायरी: पाणी भरणं

या पायरीत वीज फक्त पंपाला मिळाली पाहिजे. मदरबोर्डची २४ पिनची, प्रोसेसरची आणि कार्डाची अशा सगळ्या पॉवरच्या वायरी काढा. २४ पिनच्या वायरीला लावायची तयार जंपर टोपी मिळते, ती लावली की मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय चालू होतो. टाचणी किंवा तारेने पिन जोडायचा उपाय ऐकायला मिळतो, पण टोपी स्वस्त आहे आणि तिच्यात चूक होत नाही. प्रत्येक फिटिंगखाली आणि कार्डाच्या वर कोरडा टिश्यू पेपर पसरा. पांढऱ्या कागदावर एक थेंबही लगेच दिसतो.

टाकी जवळपास भरा. पॉवर सप्लायच्या मागच्या बटणाने पंप दोन-तीन सेकंद चालू करा. टाकीतलं पाणी झपाट्याने खाली जाईल, तळ दिसण्याआधीच बंद करा. पुन्हा भरा, पुन्हा चालू. पहिल्या काही फेऱ्यांत पंप खडखडेल, ती आतली हवा असते. नळ्यांमधून पाणी पुढे सरकताना दिसतं आणि शेवटी परतीच्या तोंडातून टाकीत पडायला लागतं. आता पंप चालू ठेवता येतो. उरलेल्या हवेसाठी कॅबिनेट हळूच पुढे, मागे, बाजूला तिरकं करा. रेडिएटरमध्ये अडकलेला बुडबुडा खळखळत निघून टाकीत येतो. अगदी बारीक बुडबुडे पुढचे काही दिवस येत राहतील आणि पाण्याची पातळी थोडी उतरेल, त्यात काळजीचं काही नाही.

आता फक्त पंप चालू ठेवून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्रत्येक कागद उचलून बघा, बोट लावून बघा. सगळे कोरडे असतील तरच वायरी जोडायच्या.

बायोस आणि पंखे

पंपाची वेग सांगणारी वायर प्रोसेसर फॅनच्या हेडरला द्या. पंप थांबला तर मदरबोर्ड सुरू होतानाच इशारा देतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वेग ६० ते ७० टक्क्यांवर कायम ठेवा. याहून वाढवून तापमानात फारसा फरक पडत नाही, आवाज मात्र वाढतो.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठेवू नका. एखादं पान उघडलं तरी प्रोसेसर क्षणात २० अंश वर जातो आणि पंखे उगाच ओरडतात. पाणी तसं उसळत नाही. ५०० वॅट उष्णता पूर्णपणे पाण्यात साठत गेली असं धरलं तरी एक लिटर पाणी एक अंशाने तापायला आठ सेकंद लागतात, आणि रेडिएटर ती घालवतही असतो. म्हणून लूपमध्ये कुठेतरी जी १/४ आट्यांचा तापमान सेन्सर बसवा, मदरबोर्डवर दोन पिनचा सेन्सर हेडर असेल तर तिथे जोडा, नसेल तर फॅन कंट्रोलर घ्या. खोली ३० अंशांच्या आसपास असेल तर पाणी ३५ पर्यंत पंखे अगदी संथ, ४० ला मध्यम आणि ४५ ला पूर्ण, अशी सुरुवात करा आणि कानाला पटेल तसं बदला. पाणी ५० च्या वर जायला लागलं तर कुठेतरी अडथळा आहे किंवा रेडिएटर कमी पडतोय. डी५ ची मर्यादा साधारण ६० अंशांची आहे, आणि मऊ नळ्याही त्या तापमानात सैलावतात.

चालू मशीनमध्ये गळती दिसली तर

बटण दाबून, मेनूतून वगैरे बंद करत बसू नका. आधी भिंतीवरचा स्विच बंद करा. मग गळणारी जागा खाली येईल असं कॅबिनेट वळवा आणि टिपून घ्या. शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, पण लूपमधल्या पाण्यात रसायनं असतात आणि बोर्डावरची धूळही मिसळते, म्हणून त्यावर विसंबू नका. भिजलेला भाग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन दिवस तरी कोरडा होऊ द्या. वीज वेळेत तोडली असेल तर भाग बरेचदा सुखरूप वाचतो.

वर्षाचं काम

महिन्यातून एकदा टाकीची पातळी आणि पाण्याचा रंग बघा. गढूळपणा, तंतू किंवा हिरवट थर दिसला तर तारखेची वाट न बघता पाणी बदला. रेडिएटरवरची धूळ दोन-तीन महिन्यांनी काढा, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. पारदर्शक कूलंट वर्षातून एकदा बदलणं पुरतं.

बदलताना मशीन बंद करून प्लग काढा, खालच्या व्हॉल्व्हला लांब नळी जोडून तिचं टोक बादलीत सोडा आणि व्हॉल्व्ह उघडा. थोडंसं पाणी येऊन थांबलं तर घाबरू नका, टाकीचं वरचं बुच बंद आहे एवढाच त्याचा अर्थ. ते उघडलं की वरून हवा आत जाते आणि पाणी सरळ वाहायला लागतं. शेवटचं पाणी रेडिएटरमध्ये राहतं, त्यासाठी कॅबिनेट दोन्ही बाजूंना तिरकं करा. एकदा डिस्टिल्ड पाणी भरून, जंपर टोपी लावून पंधरा मिनिटं फिरवा, काढून टाका आणि मगच नवं कूलंट भरा. प्रवाह कमी झालेला वाटत असेल किंवा प्रोसेसरचं तापमान गेल्या वर्षापेक्षा पाच-सात अंशांनी वाढलं असेल, तर याच वेळी प्रोसेसरचा ब्लॉक उघडा, मऊ दातांच्या ब्रशने खाचा साफ करा आणि बंद करताना आतली ओ-रिंग तिच्या खोबणीत पूर्ण बसली आहे हे बघा. ब्लॉक उघडला असेल तर हवेची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करायची.